वर्षभरातल्या आवडत्या हेवी मेटल अल्बमांची यादी कशी करावी

डिसेंबर जवळ आला की पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे वेध लागतात, आणि त्याच सुमारास मेटल ऐकणाऱ्या मंडळींत यंदाचे सर्वांत आवडते अल्बम कोणते यावर वाद रंगू लागतात. डेक्कनवरच्या गुडलकमध्ये बन-मस्का आणि चहा समोर ठेवून चाललेल्या अशा वादांत एक गोष्ट वारंवार जाणवते. बहुतेक याद्या आठवणीवर विसंबून, घाईने केलेल्या असतात. नावाजलेल्या बँडचा अल्बम केवळ नावामुळे आत येतो, शेवटच्या दोन महिन्यांत ऐकलेले अल्बम वर चढतात आणि फेब्रुवारीत ज्याने आपली झोप उडवली होती तो अल्बम विस्मरणात जातो. आवडत्या अल्बमांची यादी ही आपल्या वर्षभराच्या ऐकण्याची नोंद असते, अशी माझी ठाम धारणा आहे. म्हणूनच ज्या अल्बमला आपण पूर्ण, सलग आणि पुन्हा पुन्हा वेळ दिलेला नाही, त्याला या यादीत जागा देऊ नये, मग तो कितीही गाजलेला असो. पुढे सांगितलेली सारी पद्धत या एका अटीतून निघाली आहे. उदाहरणांसाठी मी २०२४ हे वर्ष घेतले आहे, कारण त्या वर्षी पन्नाशी उलटलेल्या बँडपासून अगदी ताज्या दमाच्या बँडपर्यंत अनेकांनी उत्तम काम केले आणि त्या अल्बमांविषयीची माझी मते आता पुरेशी मुरली आहेत.

वर्षाची हद्द आणि नोंदवही

पहिले काम वर्षाची हद्द आखण्याचे आहे. अल्बम ज्या तारखेला प्रथम प्रकाशित झाला, त्या तारखेचे वर्ष हेच त्याचे वर्ष धरावे. जुन्या अल्बमच्या नव्याने मास्टर केलेल्या (म्हणजे प्रकाशनाआधी ध्वनीवर शेवटचा हात फिरवलेल्या) आवृत्त्या, प्रत्यक्ष कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे, इतरांच्या गाण्यांचे संग्रह आणि चार-पाच गाण्यांच्या ईपी यांची नोंद वेगळ्या पानावर करावी, कारण त्यांना पूर्ण अल्बमच्या शेजारी बसवले की दोन्हींवर अन्याय होतो. तारखेबद्दल किंवा वादकांच्या नावांबद्दल शंका आली तर ‘एन्सायक्लोपीडिया मेटॅलम’ हा २००२ पासून चाहत्यांनीच उभा केलेला कोश पाहावा.

जुलै २०१५ पासून नवे अल्बम जगभर शुक्रवारी प्रकाशित करण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्यामुळे दर शुक्रवारी संध्याकाळी थोडा वेळ काढून त्या आठवड्यात काय आले ते पाहावे आणि ऐकण्याजोगे वाटेल ते वहीत टिपून ठेवावे. वहीत अल्बमचे नाव, प्रकाशनाची तारीख, पहिल्यांदा कुठे व कशावर ऐकला, आणि ऐकताना नेमके काय जाणवले ते एका-दोन वाक्यांत लिहावे. ‘छान आहे’ एवढेच लिहिले तर डिसेंबरात त्याचा काही उपयोग होत नाही. ‘दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर ड्रम अचानक थांबतात आणि एकटी बास गिटार उरते’ असे लिहिले तर तो क्षण सहा महिन्यांनीही जसाच्या तसा डोळ्यांसमोर उभा राहतो.

यादी केव्हा बंद करावी हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. अनेक मासिके आणि संकेतस्थळे नोव्हेंबर संपता संपता आपल्या याद्या जाहीर करू लागतात, आणि त्यांच्या वेगाशी स्पर्धा करण्याचे चाहत्याला काहीच कारण नाही. ओपेथ या स्वीडिश बँडचा ‘द लास्ट विल अँड टेस्टमेंट’ २२ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. एका धनाढ्य कुटुंबप्रमुखाच्या मृत्युपत्राचे वाचन ही त्याची मध्यवर्ती कल्पना आहे, बहुतेक गाण्यांना शीर्षकाऐवजी परिच्छेदाचे चिन्ह आणि आकडा दिलेला आहे, आणि जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचे इयान अँडरसन त्यात निवेदन करतात व बासरीही वाजवतात. इतकी गुंतागुंत असलेला अल्बम आठवड्याभरात तोलणे अशक्य आहे. म्हणून मकरसंक्रांतीपर्यंत यादी उघडी ठेवावी. वर्षाच्या शेवटच्या शुक्रवारी आलेल्या अल्बमलाही मग दोन-तीन आठवडे मिळतात.

ऐकण्याची तयारी

मेटल हे मोठ्या आवाजाचे संगीत असले तरी आवाज वाढवून ऐकल्याने ते अधिक कळते असे नाही. एकच अल्बम किंचित वाढवलेल्या आवाजात ऐकला तर तो अधिक चांगला वाटतो, ही मानवी कानाची सवय आहे, आणि म्हणून दोन अल्बमांची तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी असणे आवश्यक ठरते. स्पॉटिफायसारख्या सेवांमध्ये पातळी समान राखण्याची सोय असते. नेहमीच्या सेटिंगमध्ये ती सेवा सर्व संगीत उणे १४ एलयूएफएस (आवाजाचा जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) या पातळीच्या आसपास आणते, आणि ही सोय चालू ठेवावी. मेटॅलिकाच्या २००८ सालच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बमवर त्याच्या चाहत्यांनीच टीका केली होती, कारण मास्टर करताना सगळे काही इतके दाबून मोठे केले होते की आवाज फाटत होता आणि हळू व मोठ्या जागांतला फरकच उरला नव्हता. पातळी समान करून ऐकले की कोणता अल्बम वाद्यवृंदाच्या जोरावर भारदस्त वाटतो आणि कोणता केवळ दाबून मोठा केलेला आहे, हे लगेच उघड होते.

गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी शफलची सोय बंद ठेवावी, एक गाणे दुसऱ्यात विरघळवणारी क्रॉसफेडची सोयही बंद ठेवावी, आणि दोन गाण्यांमध्ये खंड पडणार नाही याची खात्री करून घ्यावी. डेन्व्हरच्या ब्लड इनकँटेशन या बँडचा ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’ बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रकाशित झाला. त्यात ‘द स्टारगेट’ आणि ‘द मेसेज’ या दोनच रचना आहेत आणि प्रत्येकीचे तीन भाग पाडलेले आहेत. भागांच्या सांध्यावर क्षणभरही शांतता आली, तर डेथ मेटल या मेटलच्या अतिआक्रमक प्रकारातून जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीताच्या पसाऱ्यात शिरण्याची आणि तिथून परत येण्याची जी करामत बँडने साधली आहे, तीच मोडून पडते.

पुण्यात शांत जागा मिळवणे सोपे नाही. वनाझ ते रामवाडी मेट्रोत, पीएमपीच्या बसमध्ये किंवा स्वारगेटच्या चौकात इअरफोन लावून ऐकणारे अनेक जण दिसतात, आणि मीही तसे ऐकतो. पण कोणत्याही अल्बमची पहिली भेट प्रवासात घडू देऊ नये. गाडीच्या आणि रस्त्याच्या घरघरीत सर्वांत आधी बास गिटार आणि बेस ड्रम बुडतात, आणि मग आपण नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा आहे आणि त्यावर दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे अवघे पाच तास उरतात. ज्याला आयुष्यभर हे संगीत ऐकायचे आहे त्याने हा हिशेब पाठ करावा, आणि बाहेरचा आवाज नीट अडवणारे इअरफोन घ्यावेत, जेणेकरून कमी आवाजातही बारकावे कळतील. घराच्या भिंती पातळ असतील आणि शेजारी लवकर झोपत असतील तर रात्री चांगले हेडफोन हाच उपाय आहे. पेठांत राहणाऱ्यांनी गणेशोत्सवाच्या दिवसांत नव्या अल्बमवर मत बनवण्याचे टाळावे. ते दिवस ढोल-ताशा मन लावून ऐकण्याचे आहेत, आणि तो कान पुढे ड्रम ऐकताना उपयोगीच पडतो.

तीन वेळा ऐकणे

यादीत येऊ पाहणारा प्रत्येक अल्बम निदान तीन वेळा सलग ऐकावा, आणि या तीन वेळा एकमेकींसारख्या असू नयेत.

पहिल्यांदा ऐकताना हातात फोन नसावा, गीतांचे शब्द समोर नसावेत आणि कोणाचे परीक्षण वाचलेले नसावे. या वेळी फक्त रचनेचा आकार ओळखायचा असतो: अल्बम कुठे चढतो, कुठे श्वास घेतो, शेवटाकडे कसा जातो. घोगऱ्या, घशाच्या तळातून काढलेल्या आवाजाची सवय नसलेल्या श्रोत्याने पहिल्या वेळी त्या आवाजाकडे आणखी एका वाद्यासारखे पाहावे. शब्द नंतर येतील.

दुसऱ्यांदा ऐकताना गीते समोर ठेवावीत आणि वाद्ये एकेक करून निवडावीत. एका रिफमागे (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीमागे) धावताना कान कोणत्या वाद्यावर आहे हे ठरवून घेतले तर बरेच काही सापडते. गिटारचा जडपणा कशातून येतो हे समजून घेण्यासाठी इतिहासाची थोडी माहिती असावी. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. डावखुरे असल्याने तारा दाबण्याचे काम याच हाताकडे होते. त्यांनी बोटांना घरी बनवलेल्या टोप्या लावल्या, पातळ तारा वापरल्या आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’पासून तारा खालच्या सुरात उतरवल्या, आणि त्या सैल, खोल आवाजाने या संगीताची पुढची वाट आखून दिली. तेव्हा अल्बम ऐकताना गिटार किती खाली उतरवली आहे, ती खाली उतरवूनही स्वर स्पष्ट राहतात की चिखल होतो, आणि बास गिटार तिच्याच मागे लपली आहे की स्वतःची ओळ वाजवते आहे, हे मुद्दाम तपासावे.

न्यूझीलंडच्या अल्सरेट या तीन जणांच्या बँडचा ‘कटिंग द थ्रोट ऑफ गॉड’ हा जून २०२४ चा अल्बम या दुसऱ्या वेळेचे मोल पटवून देतो. सात रचना आणि तासाच्या आसपासचा कालावधी असलेला हा अल्बम पहिल्यांदा एखाद्या अखंड भिंतीसारखा समोर उभा राहतो. दुसऱ्यांदा केवळ ड्रमवर लक्ष ठेवले की जेमी सेंट मेरा झांजांवर किती नाजूक काम करतात ते ऐकू येते, गिटारच्या विसंवादी स्वरांमागे करुण, जवळजवळ गाता येईल अशी धून दडलेली आहे हे उमगते, आणि वेग कमी न होताही रचना हळू होत असल्याचा विलक्षण अनुभव येतो. हा अल्बम मी पहिल्या वेळी आदराने ऐकला आणि पुढच्या वेळांत त्याच्या प्रेमात पडलो.

तिसरी वेळ दोन-तीन आठवड्यांच्या खंडानंतर यावी, आणि ती घराबाहेर असली तर उत्तमच. मला पहाटेची वेताळ टेकडी यासाठी फार आवडते. मध्ये गेलेल्या दिवसांत अल्बममधले काय मनात टिकले आणि काय वाहून गेले, याचा निवाडा या वेळी आपोआप होतो. एखादा रिफ आपण भाजी घेताना गुणगुणत होतो हे लक्षात आले तर तीही वहीत लिहिण्याजोगी साक्ष आहे.

तोलताना

वेगवान थ्रॅश आणि संथ, जड डूम या मेटलच्या दोन प्रकारांना एकाच मापाने मोजू नये. प्रत्येक अल्बम आधी त्याच्या घराण्यातल्या इतर अल्बमांशी तोलावा आणि प्रत्येक घराण्यातले सर्वोत्तम ठरल्यावरच त्यांना एकमेकांसमोर आणावे. डूम ऐकताना विलंबित ख्याल ऐकण्याची पुणेरी सवय फार कामाला येते, कारण दोन्हीकडे दोन मात्रांमधल्या जागेत काय घडते यालाच महत्त्व असते. फिलाडेल्फियाच्या क्रिप्ट सर्मन या बँडचा ‘द स्टिजियन रोझ’ याच सवयीने ऐकावा. त्याचे शीर्षकगीत सर्वांत शेवटी येते आणि ते सावकाश, पायरीपायरीने उलगडते. तिथे घाई करणारा श्रोता त्यातली सर्वांत सुंदर जागा गमावतो.

लांबीला गुण देऊ नयेत. स्लेअरचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ अर्ध्या तासाच्या आत संपतो आणि तरीही थ्रॅशचा मानदंड समजला जातो. केंटकीच्या नॉक्ड लूज या बँडने २०२४ च्या मे महिन्यात आणलेला अल्बमही सुमारे २७ मिनिटांचाच आहे, आणि त्यातल्या एकाही मिनिटाला कात्री लावता येणार नाही. ज्या अल्बमांत शेवटची तीन गाणी केवळ भरणा म्हणून आली आहेत, त्यांना मात्र कितीही लोकप्रिय पहिले गाणे असले तरी खाली आणावे.

जुन्या प्रेमाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. जुडास प्रीस्टचा पहिला अल्बम १९७४ चा, आणि ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ ८ मार्च २०२४ रोजी आला तेव्हा गायक रॉब हॅलफर्ड ७२ वर्षांचे होते. गिटारवादक ग्लेन टिप्टन यांना पार्किन्सनचा आजार असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले होते आणि रिची फॉकनर २०२१ मध्ये रंगमंचावर वाजवत असतानाच महाधमनी फुटण्याच्या प्रसंगातून वाचले होते. ही पार्श्वभूमी माहीत असली की डोळे पाणावतात, आणि नेमके त्यामुळेच निर्णय चुकण्याची शक्यता वाढते. यावर मला सापडलेला उपाय असा आहे की हे एखाद्या अनोळखी बँडचे पदार्पण आहे अशी कल्पना करून अल्बम पुन्हा ऐकावा. ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ या कसोटीवर सहज टिकतो. त्यातल्या जोड-गिटारींची धार आणि हॅलफर्ड यांचा वरच्या पट्टीतला स्वर यांना वयाची सवलत लागत नाही. याच कसोटीवर आयर्न मेडनचे गायक ब्रूस डिकिन्सन यांचा ‘द मँड्रेक प्रोजेक्ट’ आणि स्लेअरचे गिटारवादक केरी किंग यांचा ‘फ्रॉम हेल आय राइज’ हे दोन्ही अल्बम माझ्या यादीत थोडक्यात मागे राहिले. दोन्हींत मनापासून आवडलेली गाणी आहेत, पण संपूर्ण अल्बम म्हणून त्यांनी मला तितके धरून ठेवले नाही.

आपल्याकडच्या बँडना दयेने जागा देऊ नये आणि संकोचाने वगळूही नये. बंगळुरूचा क्रिप्टॉस १९९८ पासून वाजवतो आहे, आणि जुलै २०२४ चा त्यांचा ‘डेसिमेटर’ ऐंशीच्या दशकातल्या जोड-गिटारींच्या परंपरेवर इतके प्रेम करतो की युरोपातल्या कोणत्याही समकालीन अल्बमशेजारी तो ताठ मानेने उभा राहतो. दरवर्षी मुंबई, दिल्ली, बंगळुरू, कोलकाता आणि ईशान्येकडच्या बँडचे नवे अल्बम शोधण्यासाठी वहीची काही पाने राखून ठेवावीत. ते आपल्यापर्यंत आपोआप पोहोचत नाहीत.

ब्लॅक मेटलच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्या प्रकारात वंशद्वेषी आणि नाझी विचार उघडपणे मांडणारे काही बँड आहेत, आणि अनोळखी बँडचा अल्बम यादीत घेण्यापूर्वी त्यांची गीते व जाहीर भूमिका तपासणे हे श्रोत्याचे कर्तव्य आहे असे मी मानतो. संगीत कितीही प्रभावी असले तरी अशा बँडला मी जागा देत नाही.

क्रम आणि टिपणे

दहापेक्षा जास्त नावे घेऊ नयेत, आणि दहा भरत नसतील तर ओढूनताणून भरू नयेत. क्रम लावण्यासाठी गुण देण्यापेक्षा दोन-दोन अल्बम समोरासमोर ठेवावेत आणि आज रात्री यांपैकी एकच ऐकता येणार असेल तर कोणता ऐकेन, असे स्वतःला विचारावे. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी तेच उत्तर आले तर क्रम पक्का समजावा.

या पद्धतीने २०२४ ची माझी यादी आठ अल्बमांवर थांबली. अल्सरेट पहिला, ब्लड इनकँटेशन दुसरा आणि ओपेथ तिसरा. ओपेथने २००८ नंतर प्रथमच अल्बमभर खर्जातला तो जुना घोगरा आवाज परत आणला याचा आनंद मोठा आहे, पण त्याला तिसरे स्थान मिळाले ते कथनाच्या बांधणीमुळे. चौथ्या जागी जुडास प्रीस्ट आहे. पाचव्या जागी हाय ऑन फायर या अमेरिकन बँडचा ‘कमेथ द स्टॉर्म’ आहे, ज्यात बासवादक जेफ मॅट्झ यांनी तुर्की लोकसंगीताचा केलेला अभ्यास रिफच्या आतपर्यंत झिरपला आहे. त्यानंतर क्रिप्ट सर्मन, क्रिप्टॉस आणि नॉक्ड लूज येतात.

प्रत्येक नावाखाली तीन-चार वाक्यांचे टिपण लिहावे आणि त्यात निदान एक जागा अशी सांगावी की वाचणारा ती लगेच शोधून ऐकू शकेल. ‘जबरदस्त’, ‘अप्रतिम’ ही विशेषणे टिपणातून काढून टाकली आणि तरीही टिपणात काही उरले, तर ते चांगले टिपण. मराठीत लिहावे, आपल्या भाषेत संगीताविषयी बोलण्याची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे, आणि लय, ठेका, आवर्तन, पट्टी, खर्ज हे शब्द गिटार आणि ड्रमविषयी लिहितानाही नेमके बसतात.

शेवटी, यादीतल्या पहिल्या दोन-तीन अल्बमांपैकी निदान एक तरी विकत घ्यावा. स्पॉटिफायसारख्या प्रवाही (स्ट्रीमिंग) सेवांवर ऐकण्यातून लहान बँडच्या हाती फारच थोडे पडते. बँडकडून थेट संगीत विकत घेता येणाऱ्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर २०२० पासून वर्षातल्या काही ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटा सोडते, आणि खरेदीसाठी तो दिवस निवडावा. जे अल्बम थोडक्यात मागे राहिले त्यांची नावे नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून जूनमध्ये ते पुन्हा एकदा सलग ऐकावेत, आणि मत बदलले तर जुन्या यादीत तारीख घालून तशी दुरुस्ती करावी.